राखणदारावरचा आळ

प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात, गावाला नाव ठेवायला एक रात्र पुरते. स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्तान खोऱ्यात नदीकाठी एका कोवळ्या मुलीचं प्रेत सापडतं. हात उघडे, तळवे आभाळाकडे. अंगावर त्या मुलखात घरोघरी होणाऱ्या गोड पदार्थाची एक वडी ठेवलेली आणि कातडीला जनावराचे केस चिकटलेले. ते कोणत्या जनावराचे, हे कळायच्या आत लोकांच्या तोंडी एक नाव येतं: बासाहाउन. पोलीस अजून मोजमाप घेत असतात आणि गावाचा तपास संपलेला असतो.

हा २०१७ सालचा स्पॅनिश चित्रपट. नावाचा अर्थ 'अदृश्य राखणदार'. दोलोरेस रेदोंदो यांच्या २०१३ मध्ये आलेल्या कादंबरीवर फर्नांदो गोन्सालेस मोलिना यांनी तो केला. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये आणखी दोन भाग आले. एकात तार्तालो नावाचा एक डोळ्याचा नरभक्षक राक्षस आहे, दुसऱ्यात झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास कोंडणारा इंगुमा. तिन्ही बास्क लोकांच्या जुन्या कथांतले. तपास करणारी आमाइया सालासार ही त्याच खोऱ्यातल्या एलिझोंदो गावची लेक. मोठी अधिकारी होऊन परत आलेली, पण लहानपणीची भीती पदराला बांधून आलेली.

नावातल्या 'राखणदार' या शब्दापाशी मी थांबलो. बास्क कथांमधला बासाहाउन हा खुनी नाही. उंच, केसाळ, रानाचा धनी. वादळ येणार असलं की मेंढपाळांना हाळी देऊन सावध करतो. तो जवळपास असला की लांडगा कळपाकडे फिरकत नाही. शेतीची आणि लोहारकामाची विद्या आधी त्याच्याकडे होती, माणसाने ती युक्तीने मिळवली, असंही सांगतात. म्हणजे ज्याने मुलींना सांभाळायचं त्याच्याच अंगावर गाव त्यांचा खून ढकलतं. हा आळ उतरवणं हेच चित्रपटाचं खरं काम आहे. खुनी माणूसच निघतो, आणि तो रानातून येत नाही, ओळखीच्या घरातून येतो.

आता प्रश्न आपला. जुनी दैवतं, भुतं आणि पोलीस तपास यांची अशी सांगड आपल्या मातीत घालावी का? प्रश्न नुसता हौसेचा राहिलेला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, २०२५ मध्ये 'जारण' आणि 'दशावतार' हे मराठी चित्रपट आले. निर्मात्यांना या विहिरीला पाणी असल्याचं कळलं आहे. किती उपसायचं आणि कसं, याचा विचार प्रेक्षकांनीही करायला हवा.

मी हे मुरूममध्ये बसून लिहितो आहे. उमरगा तालुक्यातलं हे गाव कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं. बाजारात एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. एका बाजूला तुळजापूरची भवानी, वाटेत अणदूर-नळदुर्गचा खंडोबा. तो वर्षातला काही काळ एका गावी असतो, काही काळ दुसऱ्या गावी, आणि दोन्ही गावं त्याला ठरावीक वेळी एकमेकांच्या हवाली करतात. आराधी परडी घेऊन येतात, पोतराज आसूड ओढतो, विहिरीच्या थारोळ्यापाशी साती आसरांना हळदीकुंकू पडतं, शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो. बास्क लोकांच्या लामिया या नदीकाठी बसून सोन्याच्या फणीने केस विंचरतात. आमच्या आसरा पाण्यात राहतात आणि भरदुपारी एकट्यादुकट्याला धरतात. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण खोल पाण्याकडे पाहणाऱ्या आयांची भीती जगभर सारखीच असावी.

याच पट्ट्याला आणखी एक नाव आहे: भानामती. इकडे धाराशिव, लातूर, नांदेड, पलीकडे बीदर, कलबुर्गी आणि त्यापुढे तेलंगणातला मेदक. कपडे आपोआप पेटतात, अन्नात घाण पडते, घरावर दगड येतात. सर्वांत ठळक म्हणजे बाया कुत्र्यासारख्या भुंकतात, मांजरासारख्या ओरडतात, आणि एकीचं ऐकून दुसरीही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं अशा घरांत जाऊन बसले. त्यांना तिथे सापडल्या सासरी तोंड उघडायची सोय नसलेल्या सुना, मूल नसलेल्या बाया, कोंडलेलं मन. शब्दांत बोलता येत नाही म्हणून भुंकणं. ते ओरडणं नाटक नसतं, त्या बाईचं दुखणं खरं असतं. खोटं असतं ते त्यानंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. प्रश्न हा, की 'हे केलं कुणी?' आणि उत्तर म्हणून बोट जातं एखाद्या विधवेकडे, एखाद्या परक्या जातीच्या म्हाताऱ्याकडे, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्याकडे. मेदक भागात 'करणी करतो' म्हणून माणसांचे दात पाडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दात नसले की मंत्र नीट म्हणता येत नाही, हा त्यामागचा हिशोब.

म्हणून लोककथेच्या सिनेमाबद्दल कुणी शंका घेतली तर मी त्याला रूक्ष म्हणणार नाही. पॅरिसच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला बासाहाउन ही एक गंमतशीर शिरशिरी असते. ज्या गावात उद्या सकाळी खरंच कुणाचं तरी दार वाजू शकतं, तिथे तीच शिरशिरी वेगळं काम करते. पडद्यावर बुवाने पाण्यात तोंड पाहून चोर सांगितला आणि तो खरा निघाला, तर त्या बुवाच्या पुढच्या अमावास्येची गर्दी वाढते. हा धोका खरा आहे. तो तोलताना आपल्याच मुलखातलं एक प्रकरण समोर ठेवावं लागतं.

गोदावरीच्या उत्तरेला, परभणी जिल्ह्यात मानवत. १९७२ चा नोव्हेंबर. दुष्काळाने मराठवाडा सोलून निघालेला, खडी फोडायला माणसं रांगेत उभी. त्या काळात मानवतच्या शिवारात खून सुरू झाले आणि १९७४ च्या जानेवारीपर्यंत चालले. बळींमध्ये दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, बाया होत्या, एक तान्हं मूलही होतं. तपासातून जी गोष्ट पुढे आली तिच्यात आपल्या लोककथेतलं सगळं होतं: वाड्यातला पिंपळ, पिंपळाखालचं गुप्तधन, त्या धनावरचा मुंज्या, मूल होण्याची आस, आणि या सगळ्याची सांगड घालून रक्त मागणारा मांत्रिक. तपास अडला तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं. १९६८ मध्ये रमण राघवचा छडा लावणारे तेच अधिकारी. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले आणि या प्रकरणाबद्दल त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं.

या प्रकरणाचा शेवट मात्र कथेसारखा झाला नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांना उभं केलं होतं, गावातला एक वजनदार माणूस आणि त्याच्या सोबत राहणारी बाई, ते दोघे सुटले. प्रत्यक्ष खुनांत हात सिद्ध झालेल्या काहींची शिक्षा कायम राहिली. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा तो निकाल आजही वकिलीच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. माफीचा साक्षीदार जे सांगतो त्याला स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा लागतो, हे त्यात घासूनपुसून मांडलं आहे. मांत्रिक, मुंज्या, पिंपळ ही साखळी ऐकायला पूर्ण वाटते. पण गोष्ट पूर्ण वाटते म्हणून ती सिद्ध झाली असं न्यायालयाला म्हणता येत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात तिचे दुवे आधीपासून तयार असतात, आणि म्हणूनच तर ती पूर्ण वाटते.

त्या बाईची जात पारधी. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांतली एक. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण ठाण्याच्या डायरीतून आणि गावाच्या मनातून नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पारधी वस्त्या आहेत. तुळजापूरजवळ यमगरवाडीला त्यांच्या मुलांसाठी चाललेली शाळा महाराष्ट्राला माहीत आहे. एखादी चोरी झाली की पहिलं वाहन कुठे वळतं हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता विचार करा. खुनाची गोष्ट, तिच्यात मंत्रतंत्र, आणि मध्यभागी पारधी बाई. न्यायालयाने सोडलं तरी कॅमेरा सोडत नाही. पडद्यावर तिच्या कपाळाचं कुंकू मोठं होतं, डोळ्यांत काजळ भरतं, पार्श्वसंगीत घुमू लागतं, आणि प्रेक्षक तिला शिक्षा सुनावून घरी जातो. लोककथेची भीती आणि जातीची भीती एकाच कढईत तळली गेली की कुठला वास कशाचा हे सांगता येत नाही. मानवतवर जे केलं गेलं, जे केलं जाईल, त्याला माझी सर्वांत मोठी हरकत इथेच आहे.

याच प्रकरणावर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये 'आक्रीत' हा चित्रपट केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. तिथे भर मांत्रिकाच्या चमत्कारावर नव्हता, माणसांच्या हावेवर होता. गावचा वजनदार माणूस आपली सत्ता वाचवायला काय काय करू देतो, हे पाहताना मुंज्याची आठवणही राहत नाही. २०२४ च्या मालिकेत, आशिष बेंडे यांच्या दिग्दर्शनात, आशुतोष गोवारीकर रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आहेत आणि कथा तपासाच्या वाटेने चालते. हे बरंच झालं. तरी अशी कथा पाहताना एक प्रश्न मनात ठेवावा असं मला वाटतं: जिथे निकालाने रेघ ओढून 'सिद्ध नाही' म्हटलं, तिथे लेखकाने काय भरलं?

इथवर वाचून कुणाला वाटेल की माझं पारडं झुकलेलं आहे. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, आणि ते थोडं नाही.

बास्क लोकांची भाषा फ्रँकोच्या राजवटीत दडपली गेली. त्यांच्या कथा वाचल्या त्या होसे मिगेल दे बारांदियारान या पाद्र्यामुळे. १८८९ मध्ये जन्मलेला हा माणूस गुहा खणत, म्हाताऱ्यांच्या शेगडीपाशी बसून कथा टिपत एकशे एक वर्षं जगला. १९३६ च्या यादवीनंतर सतरा वर्षं परागंदा राहिला, तरी टिपणं सोडली नाहीत. त्याच्या वह्या अभ्यासकांनी वाचल्या. रेदोंदोंच्या कादंबऱ्या सामान्य माणसांनी वाचल्या, आणि आज एलिझोंदोच्या गल्ल्यांतून लोक त्या कथेच्या जागा पाहत फिरतात. बासाहाउन हा शब्द बास्क न येणाऱ्या लाखोंच्या तोंडी गेला. खुनाच्या गोष्टीने ते काम केलं.

आपल्याकडेही वह्या आहेत. रा. चिं. ढेऱ्यांनी खंडोबा आणि तुळजाभवानीचा शोध घेतला. मराठवाड्यातच प्रभाकर मांड्यांनी 'गावगाड्याबाहेर'च्या माणसांचं आयुष्य लिहून ठेवलं. हे सगळं ग्रंथालयाच्या कपाटात आहे. आमच्या शाळेतल्या मुलाला हॉलीवूडचा पिशाच ओळखता येतो, साती आसरांची नावं सांगता येत नाहीत. ज्या आजीला येतात तिला कुणी विचारत नाही. सिनेमाने विचारलं तर का नको?

शेजारच्या कर्नाटकात काय झालं ते आमच्या गावाने डोळ्यांनी पाहिलं. 'कांतारा' २०२२ मध्ये आला तेव्हा मुरूमची पोरं कानडीतच पाहून आली. तुळुनाडूच्या पंजुर्ली आणि गुळिग दैवांचा तो चित्रपट. त्याच वर्षी कर्नाटक सरकारने साठी ओलांडलेल्या दैव-नर्तकांना महिन्याला २००० रुपये द्यायचं जाहीर केलं. पिढ्यान्‌पिढ्या रात्रभर नाचणाऱ्या माणसाला सरकारने ओळखलं, आणि त्याचं एक कारण सिनेमा होता. पण त्याच चित्रपटानंतर थिएटरात अंगात आल्यासारखं करणारे, दैवाचं सोंग घेऊन मिरवणारे प्रेक्षक निघाले, आणि ज्यांचं ते दैवत ते लोक दुखावले आणि त्यांनी तक्रार केली. एकाच झाडाला दोन्ही फळं लागली.

मग रेघ कुठे ओढायची? एक रेघ आपल्या राज्याच्या कायद्यानेच ओढलेली आहे, तिच्याकडे चित्रपटवाल्यांचं लक्ष कमी जातं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, एखाद्याला करणी करणारा किंवा सैतानाचा अवतार ठरवून त्याचं जगणं कठीण करणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण हाच कायदा वारी, यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, भजन यांना हात लावत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. श्रद्धा कुठे संपते आणि दुसऱ्याच्या अंगावर कुठे चालून जाते, हे त्या कायद्याने पाहिलं. आराधी गाणं म्हणते तोवर ते गाणं आहे. तिच्या अंगात येतं आणि ती शेजारणीचं नाव घेते, तेव्हा पोलिसांचं काम सुरू होतं. या दोन क्षणांमधलं अंतर दाखवणं एवढं जरी एखाद्या चित्रपटाने केलं तरी तो मला हवा आहे.

कथेतल्या आमाइयाचं आडनाव सालासार, आणि त्याच आडनावाचा एक खरा माणूस त्याच मुलखात चारशे वर्षांपूर्वी येऊन गेला. १६१० च्या नोव्हेंबरमध्ये लोग्रोन्यो शहरात धर्मन्यायालयाने बास्तानच्या उत्तरेकडच्या सुगारामुर्दी आणि आसपासच्या गावांतल्या अकरा जणांना चेटूक केल्याबद्दल जाळलं. सहा जिवंत, पाच आधीच तुरुंगात मेलेले म्हणून त्यांचे पुतळे. तीन न्यायाधीशांतला धाकटा आलोन्सो दे सालासार इ फ्रियास याला ते पटलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला गावोगाव पाठवलं. त्याने सुमारे १८०० कबुलीजबाब घेतले, त्यांतले बहुतेक मुलांचे. मग त्याने काय करावं? सभा जिथे भरते म्हणतात ती जागा दोघांना वेगवेगळं नेऊन विचारली, आणि उत्तरं जुळेनात. जी जादूची मलमं पुरावा म्हणून आणली होती ती जनावरांना देऊन पाहिली, काही झालं नाही. शेवटी त्याने लिहिलं की चेटकाची चर्चा आणि लिखाण सुरू होईपर्यंत त्या गावांत ना चेटकीण होती ना चेटूक झालेलं कुणी. १६१४ मध्ये वरिष्ठांनी त्याचं म्हणणं मान्य केलं आणि स्पेनच्या धर्मन्यायालयाने चेटकिणी जाळणं जवळजवळ थांबवलं. युरोपात इतरत्र ते आणखी शंभर वर्षं चाललं.

धर्मन्यायालयाचा हा माणूस मला पहिला खरा गुप्तहेर वाटतो. देव-सैतान मानणारा, पण पुरावा मागणारा. लोककथा आणि तपास यांची सांगड म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. तपास करणाऱ्याने लोकांच्या श्रद्धेला हसू नये. तिचा शब्दन्‌शब्द लिहून घ्यावा, आणि मग ज्याचं नाव घेतलं गेलं त्याच्याजवळ जाऊन मलमाची डबी उघडून पाहावी.

इथे बुद्धिप्रामाण्यवादी मित्र मला अडवतील, आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. ते म्हणतील, त्या स्पॅनिश कथेत शेवटी रानात कुणीतरी आहेच. आमाइयाला ते जाणवतं, लेखिका ते नाकारत नाही. खुनी माणूस निघाला तरी राखणदार खरा ठरला. मग अंधश्रद्धेला फट मिळालीच ना? मी यावर बराच विचार केला आहे. माझं मत असं की ती फट चालेल, कारण ती पुराव्यात नाही. कुणाला अटक करायची हे त्या आकृतीने सांगितलेलं नाही, बेड्या घालताना तिचा आधार घेतलेला नाही. आमाइयाचं बालपण, आत्याची पत्त्यांवर भविष्य पाहण्याची सवय, जन्मदात्रीने केलेली छळणूक, हे सगळं तिच्या मनातलं हवामान आहे. न्यायालयात मात्र ती केस, माती आणि तारखाच घेऊन उभी राहील. याउलट ज्या कथेत अंगात आलेली बाई खुन्याचं नाव सांगते आणि पोलीस त्याच वाटेने जाऊन खुनी पकडतात, ती कितीही देखणी असली तरी मी ती मुरूमच्या पोरांना दाखवणार नाही.

याच तराजूवर 'दशावतार' मला अवघड जातो. सुबोध खानोलकरांच्या त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला म्हातारा लोककलावंत विसरणं शक्य नाही. कोकणातल्या राखणदाराची जाणीव, खाणीखाली जाणारी देवराई, हे सगळं मनापासूनचं आहे. पण तिथे सोंगच न्याय करतं आणि आपण टाळ्या वाजवतो. संताप समजतो. तरी ज्या राज्यात जमावाने पोरधरी समजून भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं आहे, धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पाच नाथपंथी डवरी गोसावी, तिथे दैवताच्या हातातल्या शस्त्राला वाजवलेली टाळी माझ्या हातातच अडते. त्या पाचांनाही गावाने आधी नाव ठेवलं होतं.

'तुंबाड'ची वाट वेगळी. २०१८ च्या त्या चित्रपटातला हस्तर हे रचलेलं दैवत. कुणाच्या देव्हाऱ्यातलं नाही, म्हणून कुणाचा अपमान नाही, आणि हावेची कथा हवी तितकी काळी करता येते. फक्त ते इतकं बेमालूम जमलं की अनेकजण हस्तरला कोकणातलं जुनं दैवत समजून बसले. उद्या कुणी त्याचं ठाणं मांडलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. रचलेल्या लोककथेलाही आपलं कुळ पडद्यावर सांगण्याची जबाबदारी आहे.

तर माझा कौल अशा सिनेमाच्या बाजूने आहे, आणि तो सैलपणाने दिलेला नाही. लोककथेवर आळ येऊ द्या, गावात तो नेहमीच येतो. पण चित्रपट संपायच्या आत तो उतरला पाहिजे. आणि उतरवताना तो पारध्याच्या, विधवेच्या, पोतराजाच्या अंगावर टाकता कामा नये. मुंज्या निर्दोष सुटला आणि त्याच्या जागी मांत्रिक म्हणून एखाद्या भटक्या जमातीचा काळासावळा माणूस फाशी गेला, तर तपासाने काहीच केलं नाही.

उमरगा तालुक्यातून कर्नाटकात उतरणाऱ्या बेनीतुरेच्या काठावर असा एखादा चित्रपट घडताना मला दिसतो. तुरीच्या रानात एक मुलगी सापडते. तिच्या ओटीत लिंबू, शेंदूर लावलेली सुपारी. सकाळी नऊपर्यंत गावाने आसरांचं नाव घेतलेलं असतं, दुपारपर्यंत वस्तीवरच्या एका म्हातारीचं. ती म्हातारी आराधी आहे, तिला सातही आसरांची नावं येतात, म्हणून संशय. संध्याकाळी ठाण्यातला तरुण फौजदार तिच्यासमोर बसतो. ती अर्धं मराठीत, अर्धं कानडीत सांगते: कोणती आसरा कुठल्या विहिरीत, कुणाला लिंबू चालतं, कुणाला नाही. फौजदाराला कानडी येत नाही. हवालदाराला येतं. तो ऐकून म्हणतो, "साहेब, ही सांगते त्या आसरांना सुपारी वाहतच नाहीत. ज्याने हे ठेवलं त्याला आपल्याकडची रीत माहीत नाही." फौजदार पेन उचलतो आणि म्हणतो, "आजी, परत सांगा. सावकाश. तुम्ही म्हणता तसंच लिहून घेतो."